सुकतीचा पारा

आवडाबाईला कुणी वेळ विचारली, की ती आधी खाडीकडे बघायची आणि मग सांगायची, "पाऊन भरती." विचारणारा परगावचा असला, तर बिचाऱ्याची पंचाईत व्हायची. एस.टी.च्या कंडक्टरने एकदा तिला, परत किती वाजता यायचंय, असं विचारलं, तेव्हा तिने सुकती लागायच्या आत, असं उत्तर दिलं होतं. कंडक्टर गाडीभर लोकांना सांगून हसला. आवडाबाईही हसली, पण ती कंडक्टरला हसली. रोज समुद्राच्या कडेने गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला सुकती म्हणजे ओहोटी एवढंही ठाऊक नसावं, याचं तिला खरोखर नवल वाटलं होतं.

तिचं गाव बोरदांडा. मुरुडच्या खाली, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पन्नास-साठ घरांचा कोळीवाडा. गावात घड्याळ एकच, शाळेतलं, आणि तेही मास्तरांच्या मर्जीने चालायचं. बाकी सगळा कारभार पाण्यावर. पौर्णिमा-अवसेला उधाण, तेव्हा पाणी जोरात येणार, जोरात जाणार, आणि लांबवर तळ उघडा पडणार. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी आळसावणार. धड येणार नाही, धड जाणार नाही. भरती-ओहोटी रोज दोन घटका पुढे सरकते, हे तिथलं पोर बोलायला लागायच्या आधी शिकतं. त्यामुळे 'रोज त्याच वेळी' असं कुणी म्हटलं, तर बोरदांड्यात त्याचा अर्थ एकच निघायचा: पाणी त्याच जागी असताना. पुढचा सगळा घोळ याच समजुतीतून झाला आणि गावाचं भलंही त्यातूनच झालं.

खाडीच्या तोंडाशी वाळू आणि चिखलाचा एक लांबरुंद पट्टा आहे. त्याला म्हणतात बायांची पुळण. तिथे शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, मिळतात. सुकती लागली की बाया पाटी आणि खुरपं घेऊन उतरायच्या, टाचेने तळ चाचपायच्या आणि टाचेला टणक लागलं की खणायच्या. पुरुषांनी तिथे पाय ठेवायचा नाही असा जुना नेम. होड्या पुरुषांच्या, जाळी पुरुषांची, समुद्रही त्यांचाच म्हणा, पण पुळण बायांची. कुणाचा नवरा दर्याने नेला, कुणाचा दारूने नेला, तरी त्या घरात चूल पेटायची ती पुळणीमुळे. नवी सून आली की तिसऱ्या दिवशी सासू तिला पुळणीवर नेऊन तिची जागा दाखवायची. माहेरची आठवण काढून रडायचं असेल तर तिथेच रडून घे, असंही सांगायची.

आवडाबाईही तिथेच रडून घेतलेली. देश स्वतंत्र झाला त्या साली ती छत्तीस-सदतीस वर्षांची होती. मुरुडला अजून नबाबाचं राज्य होतं. ते गेलं पुढच्या साली. आणि त्याच पावसाळ्यात तिचा नवरा हरेश्वर तापाने गेला. ताप सहा दिवस होता. पाच दिवस त्याने काही वाटून घेतलं नाही, सहाव्या दिवशी ताप चढला तो उतरलाच नाही. मागे राहिली आवडा आणि दहा वर्षांचा सदा. राज्य बदललं म्हणून बोरदांड्यात काय बदललं ते तिला सांगता आलं नसतं, पण त्या वर्षी तिला शिवल्या किती लागल्या ते तिने बरोबर सांगितलं असतं. पुळणीने तिचा मुलगा वाढवला. त्याचं लग्न झालं, तुळशी सून म्हणून आली, तिलाही तिसऱ्या दिवशी जागा दाखवून झाली.

मधल्या काळात सरकारने प्रौढांचा साक्षरता वर्ग काढला. आवडाबाई हौसेने जाऊन बसली. आकडे तिला आठ दिवसांत आले. अक्षरांशी मात्र तिचं जमलं नाही. अक्षरं मेली वळवळतात, आकडे कसे गप्प उभे राहतात, असं मास्तरांना तोंडावर सांगून तिने वर्ग सोडला. पण तेवढ्या शिदोरीवर गावात आकडे वाचणारी-लिहिणारी बाई ती एकटीच.

म्हणूनच एकसष्ट सालच्या माघात गद्रे साहेब गावात आले, तेव्हा मास्तरांनी बोट दाखवलं ते आवडाबाईकडे.

माधव गद्रे हा तिशीतला इंजिनियर. मूळचा किहीमचा, नारळी-पोफळीच्या वाडीतला. म्हणजे समुद्राकाठीच वाढलेला, पण समुद्राकडे पाठ करून. विहिरीचं पाणी, पाटाचं पाणी, रहाटाचं पाणी, सगळी पाणी त्याला कळत. खारं तेवढं कळत नसे. मुंबईच्या कचेरीने त्याला एका पाहणीसाठी पाठवलं होतं. या किनाऱ्यावर अणूवर चालणारं वीजघर उभारता येईल का, अशी ती पाहणी. अशा तीन-चार जागा बघून एक ठरायची होती. वीजघर झालंच, तर त्याची वाफ थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागणार होतं आणि तेच पाणी तापून परत समुद्रात सोडावं लागणार होतं. त्याला अणू लागत नाही, आग लागत नाही, नुसती ऊब लागते, असं गद्रेने चार-चारदा समजावलं. आत गेलं त्यापेक्षा आठ अंशांनी गरम होऊन बाहेर येईल, बस्स. आता ते सोडायचं कुठे, हा प्रश्न. नकाशावर त्याला सगळ्यात सोयीचं वाटलेलं तोंड पुळणीच्या कडेलाच पडत होतं. तिथे त्याने एक खुंट रोवून घेतला आणि त्या खुंटाशी समुद्राचं पाणी रोज किती गरम असतं, ते पावसाळ्यापर्यंत मोजायचं ठरवलं.

आवडाबाईला त्याने एक थर्मामीटर, एक जाड कापडाची बादली आणि एक वही दिली, महिन्याचा थोडा पगारही ठरवला. वहीत रोजची तारीख छापलेली आणि तारखेपुढे दोन चौकटी. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी सातला दोघं पुळणीच्या कडेला गेले. आवडाबाई खुंटाशी उतरली, तिने बादली तीनदा विसळली, चौथ्यांदा भरली आणि पारा पाण्यात बुडालेला असतानाच वाचला. तीनदा का विसळलीत, असं गद्रेने विचारलं. बादलीला उन्हाची ऊब असते, ती आपली धरायची नाही, असं ती म्हणाली. गद्रे खूश झाला. दोनच्या सुमाराला ती होडीतून खुंटापाशी गेली आणि दुसरी चौकट भरली. सकाळी सात, दुपारी दोन, रोज त्याच वेळी, चुकवायचं नाही, असं बजावून तो त्याच संध्याकाळी गेला.

आता मेख अशी, की त्या दिवशी सातला सुकती होती आणि दोनच्या आसपास भरती पुरी होऊन पाणी उभं होतं. साहेबाला सुकतीचा एक आकडा हवाय आणि भरतीचा एक, हे आवडाबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं. पाणी चालत असताना मोजलं तर कुठलं पाणी मोजलं हे कसं कळायचं, पाणी उभं असतानाच मोजावं, हे तिला पटलंही होतं. मुंबईच्या माणसाला एवढी अक्कल आहे, याचं तिने तुळशीजवळ कौतुक केलं. दुसऱ्या दिवसापासून ती पाण्याबरोबर सरकत गेली. पहिल्या चौकटीत सुकती, दुसऱ्या चौकटीत भरती. सुकती सकाळी असो नाहीतर भरदुपारी असो. नेमाचा दिवस सोडला, तर एक दिवस तिने चुकवला नाही.

गावात तिला पारेवाली म्हणू लागले. तिला ते आवडायचं. सगळ्यांना मात्र आवडत नव्हतं. पुळणीवरची सगळ्यात थोरली बाई म्हणजे जनी म्हातारी. पहिलं खुरपं तिचं पडायचं, मग बाकीच्यांचं. जनीने एका सकाळी सगळ्यांदेखत आवडाबाईला सुनावलं की, जे आपली पुळण उकडायला आलेत त्यांचीच तू चाकरी करतेस. त्यानंतर ती आवडाबाईशी बोलेनाशी झाली. आवडाबाईला ते लागलं. पण तिचंही एक गणित होतं. पाणी किती तापतं ते आपण नाही सांगितलं, तर दुसरा कुणी न मोजताच सांगेल. पुळण वाचवायची तर खरा आकडा साहेबाच्या हातात पडला पाहिजे, एवढं तिच्या मनात पक्कं होतं. हे ती जनीला समजावून सांगू शकली नाही, कारण समजावून सांगताना तिलाच ते थोडं लबाडीचं वाटायचं.

वैशाख निम्म्याहून अधिक सरला आणि गद्रे आला. वही मागून घेऊन तो आवडाबाईच्या पडवीत बसला. तुळशीने शहाळं फोडून दिलं, ते तसंच राहिलं. पानं उलटता उलटता त्याचा चेहरा उतरत गेला.

सकाळची चौकट पंचवीसवर होती, मग ती सव्वीस, अठ्ठावीस, एकतीस अशी चढत गेली होती आणि परत उतरली होती. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. चैत्रात तर एका सकाळी बत्तीस आणि दुपारी त्याहून कमी. आणि वैशाखात एका दिवशी पहिली चौकट चक्क कोरी. त्याने वही मिटली. सकाळी सात वाजता समुद्र दुपारपेक्षा गरम कसा असेल, असं त्याने विचारलं. आवाज चढवला नाही, पण म्हणाला की, हे आकडे पाण्यात उतरून घेतलेले दिसत नाहीत, घरी बसून भरलेले दिसतात.

आवडाबाई उठून आत गेली. घोटभर पाणी प्यायली, पदर सारखा केला आणि बाहेर आली. आयुष्यात तिला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं. राग आला होता, आणि रागापेक्षा भीती मोठी होती. हा आकडे फेकून देणार, हे तिला दिसत होतं.

"सायब, तुमी आलात त्या दिवशी सातला काय व्हतं?"

"काय म्हणजे? सकाळ होती."

"सुकती व्हती," आवडाबाई म्हणाली. "मी रोज सुकतीलाच उतरले. ती कोरी चौकट सोडली, तर एक दिवस चुकवला न्हाय. तुमचे सातच रोज येगळ्या पान्यावर पडतात, त्याला मी काय करू?"

गद्रे तसा हुशार माणूस. त्याने पुन्हा वही उघडली आणि या वेळी तारखेशेजारी तिथ्या मांडायला लागला. मांडता मांडता त्याच्या ध्यानात आलं. अष्टमीची सुकती भरदुपारी येते, त्या दिवशीचा आकडा मोठा. अवसेची सुकती सूर्य उगवायला येते, त्या दिवशीचा लहान. आकडे खोटे नव्हते, सगळे एका मापाने घेतलेले होते, फक्त माप घड्याळाचं नव्हतं. त्याने वही मांडीवर ठेवली. मग म्हणाला की, हे खरं असलं तरी कचेरीला सात आणि दोनचेच आकडे लागतात. ही वही बाद होणार. आता पावसाळा तोंडावर आला. वरचे साहेब मुंबईच्या जुन्या आकड्यांची सरासरी धरतील. ती एकोणतीस. त्यात आठ मिळवले की सदतीस, थोडं पुढे गेलं की निवणारच. तेव्हा तोंड पुळणीच्या कडेला ठेवायला हरकत नाही, असं लिहून मोकळे होतील.

सरासरी म्हणजे काय, ते आवडाबाईने विचारलं. गद्रेने सांगितलं: सगळे दिवस एकत्र करायचे आणि सारखे वाटायचे.

आवडाबाईने थोडा विचार केला. "माझा नवरा तापानं गेला," ती म्हणाली. "त्याचा त्या दिवशीचा ताप वर्साच्या सगळ्या दिवसांवर वाटला असता, तर तो बी जगला असता."

 गद्रेने इतका वेळ तसंच राहिलेलं शहाळं हातात घेतलं. मग त्याने हळूच विचारलं की, वैशाखातली ती एक चौकट कोरी का?

त्याचं कारण सांगताना आवडाबाई जरा संकोचली. वैशाखातल्या दोन्ही अष्टम्यांना पुळणीवर कुणी पाय ठेवत नाही. त्या दिवशी शिवल्या माहेरी जातात, असं म्हणायची रीत आहे. भांगाच्या सुकतीला पाणी सगळं जात नाही, गुडघाभर तसंच उभं राहतं आणि दुपारभर ऊन खातं. पाय पोळतात. शिवल्या हातभर खोल जातात, वर येतच नाहीत. त्या दिवशी त्यांना खणून काढणं पाप. म्हणून चौकट कोरी.

गद्रे ताठ बसला. आमच्या हिशेबात या किनाऱ्याचं पाणी बत्तिसाच्या वर जातच नाही, असं तो म्हणाला. जो आकडा सगळ्यात मोठा असणार, नेमका तोच घेतलेला नव्हता. त्याला नुसता सांगीव ताप चालणार नव्हता, मोजलेला हवा होता. दुसरी अष्टमी दोन दिवसांवर होती. मी स्वतः उतरतो, असं तो म्हणाला. पुरुषांनी उतरायचं नाही, असं आवडाबाईने सांगितलं. मग तुम्ही उतरा. त्या दिवशी बायांनीही उतरायचं नाही. गद्रेने कपाळाला हात लावला. या गावात समुद्रात उतरायला समुद्र सोडून सगळ्यांची परवानगी लागते, असं तो पुटपुटला, आणि ते अगदी खरं होतं.

आवडाबाई त्याच संध्याकाळी जनीच्या दारात गेली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. जनी सुकट निवडत बसली होती, तिने वर पाहिलं नाही. आवडाबाईने उंबऱ्याबाहेर बसून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पगार घेतला हेही सांगितलं, आणि पुळण वाचावी म्हणून घेतला हेही सांगितलं. नेम मोडायला ये, असं म्हणायची तिची हिंमत झाली नाही. तू सांगशील तसं, एवढंच ती म्हणाली. जनीने हातातलं सुकट संपवलं, सूप झटकलं आणि मग बोलली.

"ज्यांनी नेम केला, त्यांनी शिवल्यांसाठी केला. शिवल्याच उरल्या न्हाईत, तर नेम काय चाटायचाय? परवा पयला पाय मी टाकीन. दोष लागला तर मला लागू दे, माझे किती दिस उरलेत?"

आवडाबाईचे डोळे भरून आले. जनीने तिला आत बोलावून चहा दिला, आणि इतके दिवस आपण बोललो नाही याची भरपाई म्हणून अख्ख्या गावाच्या कागाळ्या एका बैठकीत सांगितल्या.

अष्टमीला भरदुपारी सगळा कोळीवाडा काठावर जमला. पुळणीवर गुडघाभर पाणी उभं होतं, हिरवट, निश्चल. जनीने नमस्कार केला, पाण्याला काहीतरी सांगितलं आणि पाय टाकला. मागून आवडाबाई. चार पावलांवर जनी थांबली आणि तिने काठावर उभ्या असलेल्या गद्रेकडे पाहिलं. त्याला बी येऊ दे, त्याला बी पाय हायेत, असं ती म्हणाली. बायांत कुजबुज झाली. पण एक नेम मोडलाच होता, दुसऱ्याचं काय एवढं, असा हिशेब बहुधा सगळ्यांनीच केला असावा. गद्रेने बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो उतरला. उतरला तो एकदम एका पायावर आला आणि मग दुसऱ्या पायावर. तुळशीने तोंडाला पदर लावला.

"पोळतंय?" जनीने विचारलं.

"हो."

"आता ह्यात तुमचं आठ घाला."

आवडाबाईने बादली तीनदा विसळली आणि चौथ्यांदा भरली. पारा छत्तीसवर थांबला. गद्रेने स्वतः वाकून पाहिला, दुसरी बादली भरायला लावली आणि परत पाहिला. छत्तीसच. मग आवडाबाईने कनवटीची एक वस्तू काढावी तशा सहजपणे पाटीतून नारळाचं सोडण, वरचं वाळकं साल, काढलं आणि खुंटाशी पाण्यावर टाकलं. ते जिथे पडलं तिथेच राहिलं. एका विडीभर वेळ तिघं सोडणाकडे बघत उभी होती, आणि सोडण वीतभरसुद्धा हललं नाही. तुमचं गरम पाणी इथे सोडलं तर ते असंच बसून राहील, दुसऱ्या दिवशीचं त्याच्यावर येऊन बसेल, असं आवडाबाईने त्याला सांगितलं. सांगायची गरज नव्हती. त्याला घाम फुटला होता, आणि तो सगळा उन्हाचा नव्हता.

तिथून ती त्याला होडीत घालून खडपाच्या, म्हणजे समुद्रात शिरलेल्या कातळाच्या, टोकाबाहेर घेऊन गेली. तिथे कातळ एकदम खोल जातो आणि भांग असो, उधाण असो, ओढ कधी थांबत नाही. पारा तीसवर आला. सोडण टाकलं, ते हातातून सुटताच समुद्राकडे चालू लागलं आणि बघता बघता दिसेनासं झालं. गद्रेने वही उघडली. मग त्याने वहीच्या मागच्या पानावर खाडी काढली, पुळण काढली, खडप काढला आणि पुळणीच्या कडेचं तोंड खोडून खडपाच्या बाहेर नेलं.

"आवडाबाई, माझं चुकलं," तो होडीतच म्हणाला. "घरी बसून आकडे भरले, असं मी म्हणायला नको होतं."

व्हय, न्हाय बोलायला पायजे व्हतं, असं ती म्हणाली. एवढ्यावर तो विषय मिटला. त्या दिवशी आवडाबाईला फार बरं वाटलं. तिच्या शब्दांत सांगायचं तर, पाटी भरून डोक्यावर यावी आणि मानेला ओझं वाटू नये, तसं. चार दिवसांनी, शिवल्या माहेरहून आल्यावर, तिने गद्रेला जेवायला घातलं. किहीमच्या गद्र्यांच्या मुलाने बोरदांड्यात काय खाल्लं, हे किहीमपर्यंत जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं आणि ते गावाने पाळलं.

भरती-ओहोटीचं छापील कोष्टक मागवून गद्रेने अख्खी वही नव्याने मांडली. प्रत्येक आकड्यापुढे त्याची खरी वेळ लिहिली. वरच्या साहेबांनी आधी नाक मुरडलं, मग छत्तीसचा आकडा पाहून मान हलवली. अहवालात लिहिलं गेलं की, या जागी पाणी सोडायचं झालं तर खडपाच्या बाहेरच सोडावं, आणि पाहणी घड्याळावर न करता पाण्यावर करावी. दुसरं वाक्य कुठून आलं हे अहवालात नव्हतं. आवडाबाईला त्याचं काही नव्हतं. तोंड खडपाबाहेर गेलं, तिला तेवढं पुरे झालं.

पुढे दीड वर्षाने गद्रे पुन्हा आला, तो बातमी घेऊन. वीजघर इथे होणार नव्हतं. इथला कातळ, इथला रस्ता, असं पुष्कळ काही जुळलं नव्हतं, आणि उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावरची जागा नेमली गेली होती. जनी त्या वर्षी अंथरुणाला टेकली होती, तिच्या उशाशी जाऊन बातमी सांगितली गेली. बायांनी पुळणीच्या कडेला नारळ वाढवला. खुंट उपटला, तो कुणीतरी चुलीत घातला.

नारळ वाटून झाला तरी आवडाबाई गद्रेसमोर बसूनच होती. मग तिने विचारलं, तिथे सुकतीला कोण जातं? गद्रेला प्रश्न कळला नाही. तिथे पुळण असेल, पुळणीवर बाया असतील, त्यांच्याकडून कुणी मोजून घेतलं का, असं तिने विचारलं. गद्रेने सांगितलं की, तिथे एक माणूस नेमलाय. सकाळी सात आणि दुपारी दोन.

"मला तिथं न्या," आवडाबाई म्हणाली.

मुरुडच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. सदाने विरोध केला, तुळशीने केला नाही. तिने सासूचं लुगडं, सुकट आणि तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. गद्रेने कचेरीत काय सांगितलं कोण जाणे, पण आठ दिवसांची परवानगी आणली. एस.टी., मग बोट, मग आगगाडी, मग जीप, असं करत ती तिथे पोचली. जीपमधून उतरल्या उतरल्या तिने आधी पाणी पाहिलं आणि अर्धी सुकती, असं स्वतःशीच म्हणाली. तिथेही खाडी होती, चिखल होता, पाट्या घेतलेल्या बाया होत्या. त्यांची बोली निराळी, लुगडं नेसायची तऱ्हा निराळी; टाचेने तळ चाचपायची रीत मात्र तीच. पहिला दिवस दोन्हीकडून संशयात गेला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची भाकरी त्यांच्या कालवणाशी खाल्ली आणि मग बोलणं सुरू झालं. तुमच्यात आकडे कुणाला येतात, असं तिने विचारलं. कमळ नावाची एक तरणी बाई पुढे झाली. तिने चौथीपर्यंत शाळा केली होती.

चार दिवस आवडाबाई कमळला घेऊन पाण्यात उतरत होती. बादली विसळायची कशी, पारा वाचायचा कसा, पाणी उभं राहिलं हे पायाला कसं कळतं, तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना विचार की वर्षातल्या कुठल्या दिवशी खणायचं नसतं आणि त्या दिवशी मुद्दाम मोज, हे सगळं तिने सांगितलं. पाचव्या दिवशी दोघी सुकतीची वाट बघत उभ्या होत्या. कमळच्या मनात काही दिवस एक प्रश्न होता, तो तिने विचारला. तुमची पुळण तर वाचली ना आवडाबाय, मग तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात?

आवडाबाई पाण्याकडे बघत होती. पाणी पोटऱ्यांवरून सरकत होतं, ते हळूहळू मंद झालं आणि थांबलं.

"माझी वाचली, ती तुमच्यावर आली," ती म्हणाली. "मग मला माझ्या शिवल्या गोड लागंनात, बाय."

आणि तिने बादली कमळच्या हातात दिली.